‘माझ्यामुळेच बाबा गेले’ : कोविडनंतर उरलेल्या अपराधी भावनेवर समुपदेशन काय करू शकते?

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये, कामदा एकादशीच्या दिवशी, माझे सासरे कोविडने गेले. बेडसाठी आणि इंजेक्शनसाठी माझे यजमान तीन दिवस नाशिकभर वणवण फिरले होते. तेव्हापासून ते बदलले आहेत. अंबडच्या कारखान्यात नोकरीला जातात, घरखर्च पाहतात. पण कोणाच्या आजारपणाचा विषय निघाला की उठून जातात आणि रात्री आमच्या १३ वर्षांच्या मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहतात. ‘माझ्यामुळेच बाबा गेले’, एवढे एकदाच म्हणाले. समुपदेशकाकडे चला म्हटले तर ‘मी वेडा आहे का?’ असे विचारतात. इतक्या वर्षांनी याचा काही उपयोग होईल का आणि नाशिकमध्ये कुठे जावे? (सिडकोतील एक भगिनी)

उत्तर : ताई, उपयोग होईल. मध्ये गेलेली वर्षे ही अडचण नाही. उलट त्या धावपळीच्या दिवसांत जे बोलणे शक्यच नव्हते, ते आता बोलता येते. मी बावीस वर्षे हे काम करते आहे आणि कोविडमध्ये घरचे माणूस गमावलेली मंडळी माझ्याकडे अजूनही येतात. फरक इतकाच, की ती कोविडचे नाव घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, पित्त उसळते, रक्तदाब वाढला आहे, घरात सारखे खटके उडतात, अशा तक्रारी घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी एप्रिल २०२१ चा विषय निघतो.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, रात्री मुलीच्या बोटावर दिसणारा ऑक्सिमीटरचा लाल दिवा. दुसरी, यजमानांचे ते एकच वाक्य. माझ्या अनुभवानुसार पहिलीचे मूळ दुसरीत असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून त्या वाक्याबद्दल मी अधिक विस्ताराने लिहिते आहे. घरची माणसे, आणि खेदाने सांगावे लागते की काही समुपदेशकही, नेमके तेथेच घाई करतात.

आधी थोडी विभागणी करते. पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये. पण तपासणारी व्यक्ती काय पाहील, ते तुम्हाला माहीत असलेले बरे. जवळचे माणूस गेल्यावर होणारे दुःख हा आजार नव्हे. मात्र ते तितक्याच तीव्रतेने महिनोन्महिने टिकून राहिले, माणूस त्या एका दिवसातच अडकून पडला आणि रोजचे जगणे त्यामुळे आक्रसले, तर त्याला ‘दीर्घकालीन शोकविकार’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची, तर अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी १२ महिन्यांची अट आहे. यजमानांमध्ये याच्या जोडीला चिंतेचा भाग उघड दिसतो. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून छातीत धडधडणे, तीच दृश्ये मनात नसताना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, ठरावीक रस्ते टाळणे, असे काही होत असेल तर तो आघाताचा परिणाम असू शकतो. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, भूक आणि झोप बिघडणे, ही नैराश्याची खूण असते. या गोष्टी एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. तुमचे यजमान यात एकटेही नाहीत. महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले होते.

आता ते वाक्य. ‘माझ्यामुळेच बाबा गेले’ असे कोणी म्हणाले की आपण सगळे मायेपोटी एकच उत्तर देतो : ‘तुमची काय चूक? सगळीकडे तसेच होते, त्यांचे आयुष्य तेवढेच होते.’ हे उत्तर खोटे नसते, पण ते फार लवकर दिलेले असते. ज्याने मनात स्वतःवर खटला भरला आहे, त्याला आरोपपत्र वाचून दाखवण्याआधीच निर्दोष सुटल्याचे सांगितले, तर तो त्या निकालावर विश्वास कसा ठेवणार? त्याला एवढेच कळते, की हा विषय येथे काढायचा नाही. तुमचे यजमान एकदाच बोलले आणि नंतर गप्प झाले, याचे कारण हेही असू शकते. यात तुम्ही काही चुकलात असे मला म्हणायचे नाही. त्या क्षणी कोणीही तेच बोलले असते.

समुपदेशनात आम्ही उलट वाटेने जातो. आरोप काय आहे, तो नेमक्या शब्दांत विचारतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ येत होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांच्या आईचे निधन दुसऱ्या लाटेत झाले होते. त्यांनी खिशातून एक लहान डायरी काढली. त्या दोन दिवसांत कोणाकोणाला फोन केले, किती वाजता केले, समोरून काय उत्तर आले, हे सारे त्यांनी नंतर मोबाइलमधून उतरवून ठेवले होते. ‘बेड नाही’, ‘उचलला नाही’, ‘संध्याकाळी करा’, ‘ऑक्सिजन तुमचा तुम्ही आणा’. एका नोंदीखाली लाल पेनाने तीन रेघा ओढलेल्या होत्या : मंगळवार, सकाळी साडेनऊ, फोन केलाच नाही. त्या वेळी आई उठून बसली होती, चहा-बिस्किट घेतले होते, म्हणून हे अंघोळीला गेले होते. त्यांच्या मते आई त्या अर्ध्या तासात गेली. मृत्यू प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी रात्री झाला होता.

आम्ही त्या डायरीवरच काम केले. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला ‘त्या तासाला मला काय माहीत होते’, उजव्या बाजूला ‘आज मला काय माहीत आहे’. मंगळवार सकाळच्या समोर डावीकडे त्यांनी लिहिले : आई बोलत होती, चहा मागितला, ताप उतरला होता. उजवीकडे लिहिले : ऑक्सिजन ८२ होता, दुपारी मोजल्यावर कळला. अशा एकेका तासाने पुढे जायला आम्हाला चार बैठका लागल्या. पश्चातबुद्धी म्हणजे काय, हे त्यांना शब्दांत सांगून कधीच पटले नसते. उजव्या रकान्यातली माहिती आपण डाव्या रकान्यातल्या माणसाकडून मागत आहोत, हे त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिले. त्यानंतरही ते रडले, पण ते रडणे आईसाठी होते.

येथे वैद्यकीय माहितीचा मोठा उपयोग होतो आणि समुपदेशकाला ती असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला धाप लागल्याची जाणीव होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागल्यामुळे. केवळ ऑक्सिजन उतरल्याने ती तितक्या तीव्रतेने होत नाही. कोविडच्या पुष्कळ रुग्णांत सुरुवातीच्या काळात ऑक्सिजन घसरत असे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात राहत असे, त्यामुळे माणूस खाटेवर बसून व्यवस्थित बोलत असे आणि यंत्रावरचा आकडा मात्र ऐंशीच्या घरात असे. ‘बाबा म्हणाले मला बरे वाटते, आणि मी विश्वास ठेवला’, या आरोपाचे उत्तर आजाराच्या या स्वभावात आहे.

रेमडेसिविर या इंजेक्शनचेही तसेच. सहा कुप्यांचा कोर्स असे, त्यातल्या चार मिळाल्या आणि दोन मिळाल्या नाहीत, म्हणून स्वतःला दोष देणारी मुले मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते आणि त्यांत या औषधाने मृत्यू टळतात असे दिसले नव्हते. पुढे अंतिम विश्लेषणात व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत थोडा फायदा आढळला. म्हणजे ते संजीवनी नव्हते. मेडिकलबाहेर रात्रभर रांगेत उभे राहणाऱ्याला मात्र ते संजीवनीच आहे असे सगळेजण सांगत होते. ही माहिती मी पहिल्या भेटीत कधीच देत नाही. आरोप पूर्ण बोलून झाल्यावरच ती देते, नाहीतर तीही ‘तुमची काय चूक’ याचेच दुसरे रूप ठरते.

काही वेळा खरोखर एखादी चूक झालेली असते, हेही लपवण्यात अर्थ नाही. कोणी चाचणी करायला तीन दिवस उशीर केलेला असतो, कोणी लग्नाला जाऊन आलेला असतो. तेव्हा चूक नाकारत बसण्यापेक्षा तिचा आकार ठरवणे बरे. आम्ही कागदावर एक भाकरी काढतो आणि त्या मृत्यूला जे जे कारणीभूत झाले त्या प्रत्येकाला तिचा एकेक तुकडा देतो : विषाणू, वडिलांचा मधुमेह, त्या आठवड्यातला बेडचा तुटवडा, ऑक्सिजनची टंचाई, उशिरा आलेला रिपोर्ट. स्वतःचा तुकडा सर्वांत शेवटी कापायचा, हा त्यातला एकमेव नियम. सुरुवातीला ज्याने सगळी भाकरी स्वतःच्या नावावर केलेली असते, त्याच्या हाती शेवटी कोपऱ्यातला एक तुकडा उरतो. तो तुकडा कधीकधी खरा असतो आणि त्याचे दुःख करायला, मनातल्या मनात वडिलांची क्षमा मागायलाही, जागा द्यावी लागते.

ऑक्सिमीटरकडे वळते. मुलीच्या बोटावर ९८ दिसले की यजमानांच्या जिवात जीव येतो. ही सुटका खरी असते, पण ती काही तासच टिकते आणि मेंदू शिकतो तो धडा असा, की ‘तपासले म्हणून ती सुखरूप राहिली’. त्यामुळे पुढच्या रात्री पुन्हा तपासावे लागते. त्यात बोट गार असेल, हलत असेल किंवा नखांना रंग लावलेला असेल, तर आकडा उगाच कमी दाखवला जातो आणि भीतीला आयतेच खाद्य मिळते. यावर उपाय म्हणजे ही तपासणी ठरवून, टप्प्याटप्प्याने कमी करणे : आधी रात्रीत तीनदा होत असेल तर एकदाच, मग एक दिवसाआड, मग इच्छा झाली तरी अर्धा तास थांबून पाहणे. त्या अर्ध्या तासात भीती आधी चढते आणि मग काहीही न करता आपोआप उतरते, हा अनुभव त्यांना स्वतःला यायला हवा. म्हणून कृपा करून ते यंत्र लपवू नका आणि फेकूनही देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका घरात पत्नीने ते नदीत टाकले होते; तिच्या पतीने दुसऱ्याच दिवशी दोन विकत आणली.

तुम्ही कामदा एकादशीचा उल्लेख केला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये रामनवमी २१ एप्रिलला होती. त्याच दिवशी आपल्या शहरातील महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी तुमचे सासरे गेले. त्या आठवड्यात या शहरात रुग्णाच्या नातेवाइकाने काय भीती बाळगली असेल, हे बाहेरच्याला सांगून समजणार नाही. शिवाय आपल्याकडे मृत्यूची आठवण वर्षातून दोनदा येते, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. तुमच्या बाबतीत तिथीच्या दिवशी पंचवटीत राम आणि गरुडाचे रथ निघतात, सारे शहर रस्त्यावर असते. त्या सुमारास यजमान अधिक चिडचिडे होतात का, बाहेरगावी जाण्याचे निमित्त शोधतात का, हे आठवून पाहा. तसे असेल तर समुपदेशकाला ते आवर्जून सांगा, म्हणजे चैत्र लागण्याआधीच तयारी करता येते.

आणखी एक प्रश्न मी अशा प्रत्येक कुटुंबाला विचारते : अंत्यदर्शन झाले होते का, दहावे-तेरावे कसे झाले? देशभरातून माणसे अस्थी घेऊन ज्या रामकुंडावर येतात, तेथून वीस मिनिटांवर राहणाऱ्यांना त्या काळात स्वतःच्या वडिलांची दशक्रिया रीतीप्रमाणे करता आली नाही. पिशवीत बांधलेला देह दुरून पाहिला, चेहरा दिसला नाही, खांदा देता आला नाही. विधींवर तुमची श्रद्धा किती आहे हा मुद्दा वेगळा. चार माणसे जमतात, गेलेल्याबद्दल बोलतात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे एकत्र थांबतात, या क्रमातून मनाला मृत्यू पटत जातो. तो क्रमच तुटला होता. राहिलेले आताही करता येते. पितृपक्षातील तिथी किंवा वर्षश्राद्ध निवडून, ज्यांना तेव्हा येता आले नाही अशा आप्तांना बोलावता येते. कर्मकांड नको असलेल्या घरांनी वडिलांच्या आवडीचा स्वयंपाक करून प्रत्येकाने त्यांची एकेक आठवण सांगितली, तेही मी पाहिले आहे. अट एकच : हे यजमानांनी ठरवावे, त्यांच्यावर लादले जाऊ नये.

त्यांना न्यायचे कसे? फसवून नेऊ नका. ‘जरा बीपी दाखवायला जाऊ’ असे सांगून आणलेला माणूस पहिल्या भेटीतच दार लावून घेतो. ‘तुम्हाला उपचारांची गरज आहे’, असेही नको. ‘मुलीची झोप मोडते आहे, तिचे काय करायचे ते विचारायला आपण दोघे जाऊ’, असे सांगून पाहा. ते खरेही आहे. ते तयार झाले नाहीत, तर तुम्ही एकट्या जा. सासऱ्यांचा मृत्यू तुमच्याही घरात झाला आणि त्यानंतरचा यजमानांचा अबोला तुम्हीच सोसला आहे. तुम्हालाही बोलायला जागा हवी. कारखान्यात कळेल अशी त्यांना धास्ती असेल, तर सांगा की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि कायद्यातील मोजके अपवाद वगळता ती त्यांच्या संमतीविना कोणाला देता येत नाही.

कुठे जावे, याचे उत्तर थोडक्यात देते. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध असतात आणि सरकारी दरात तपासणी होते. घरून बोलायचे असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. खासगी ठिकाणी जाणार असाल, तर समोरची व्यक्ती कोण आहे ते विचारून घ्या, त्यात संकोच नको. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचे शिक्षण मात्र फार वेगवेगळे असते, म्हणून ‘शोक आणि आघात या विषयांत आपण काय काम केले आहे?’ असे सरळ विचारा. एकाच बैठकीत सगळे मोकळे करून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. आघातानंतर माणसाला एका दमात सारे बोलायला लावण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. शोकविकारावरच्या एका सुपरीक्षित पद्धतीत दर आठवड्याला एक अशा सोळा बैठका असतात. तुमच्याकडे त्याहून कमी लागतील किंवा जास्त, पण दोन-तीन भेटींत निकाल मागू नका.

औषधांबद्दल इतकेच, की नैराश्य किंवा चिंता बळावलेली असेल तर ती घ्यावी लागतील. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, झोपेच्या काही गोळ्यांसारखी त्यांची सवय लागत नाही आणि बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात.

‘मी असून काय उपयोग’, ‘तुम्ही माझ्याविना बरे राहाल’ असे बोलणे, कागदपत्रे आणि पैशांची निरवानिरव करणे, दारू अचानक वाढणे, यांपैकी काही दिसले तर वरचे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. ‘जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?’ असे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाले, तर त्यांना एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि औषधांचा साठा हाताशी ठेवू नका, १४४१६ वर फोन लावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ वर.

राहता राहिली तुमची मुलगी. आजोबा गेले तेव्हा ती लहान होती आणि रात्री बोटाला थंडगार चिमटा लागला की जागी होऊनही झोपेचे सोंग घेत असण्याची शक्यता बरीच आहे. या वयाची मुले तसे करतात. ‘बाबांना तुझी काळजी वाटते, कारण आजोबांच्या वेळी ते फार घाबरले होते, तुला काहीही झालेले नाही, आणि बाबांची भीती कमी करायला आम्ही मदत घेणार आहोत’, एवढे तिला शांतपणे सांगा. बाबांना सांभाळण्याची किंवा त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची कामगिरी मात्र तिच्यावर सोपवू नका. पहिल्या भेटीला ते यंत्र सोबत घेऊन या आणि आदल्या आठवड्यात ते किती वेळा लावले गेले, हे जमल्यास यजमानांनाच लिहून आणायला सांगा. आमचे काम तेथून सुरू होईल.